कार्ड काढा, कचोरी घ्या

आमच्या इंदूरच्या कारखान्यात अमिता पागनीसचं आडनाव पहिल्या झटक्यात बरोबर लिहिणारी मी एकटीच. त्यात माझी काही हुशारी नाही, मी पण मराठीच. बाकीच्यांनी तिचं पगनिस केलं, पागनिश केलं, हजेरीच्या मशीनवर तर कोणीतरी पालनीस करून टाकलं होतं. दर वेळी ही बाई उठायची, जायची आणि दुरुस्त करून घेऊनच परत यायची. एकदा कुरियरवाल्याला तिने गेटवर अडवून ठेवलं. मी म्हटलं, "अगं, जाऊ दे ना. पार्सल मिळालं ना तुला?" तर म्हणाली, "पार्सल आलं भानुताई, पण ते घेतलं कोणी? पगनिसने. मग मी तर घेतलंच नाही ना."

तिच्या घराण्याकडे म्हणे होळकरांच्या पागेची लिखापढी होती, कोणत्या घोड्याला किती दाणा वगैरे. "आमच्याकडे घोड्याला पण स्वतःचं नाव होतं," ती सांगायची. "एकाच्या नावावर दुसऱ्याने दाणा खाल्ला की पणजोबांचं डोकं फिरायचं." पागा गेली, घोडे गेले, पणजोबाही गेले, पण ते फिरणारं डोकं मात्र हिच्या वाट्याला आलं.

मी भानुमती, पॅकिंगची सुपरवायझर. आमचा कारखाना पोलोग्राउंडच्या औद्योगिक भागात, औषधाच्या गोळ्या बनवतो. अमिता वरच्या मजल्यावर, लॅबमध्ये. गोळ्यांचा प्रत्येक लॉट बाहेर जाण्याआधी त्यावर दोन सह्या लागतात, एक तपासणाऱ्याची आणि दुसरी, ती तपासणी पुन्हा पाहणाऱ्याची. दोन माणसं वेगळी हवीत, सगळी गंमत त्यातच आहे. पहिली सही लॅबचे प्रमुख आशिषजी करायचे, दुसरी अमिता. सही कागदावर नाही, कंप्यूटरवर. म्हणजे आपलं नाव निवडायचं आणि पासवर्ड टाकायचा.

आता पासवर्डचं म्हणाल तर आमच्याकडे ती चीज पायपुसण्याखाली ठेवलेल्या किल्लीसारखी होती. कोणाचा कीबोर्डखाली चिकटवलेला, कोणाचा पडद्याच्या कोपऱ्यात. अमिताने लिहून ठेवला नव्हता, पण तिच्या मुलीचं नाव स्पृहा आणि जन्माचं साल एवढं कोणालाही सुचलं असतं. स्पृहाच्या वाढदिवसाचा केक तर आम्हीच खायचो.

मग पित्ताच्या गोळ्यांचा एक लॉट बाजारातून परत आला. गोळ्या पाण्यात विरघळतच नव्हत्या, नुसत्या तरंगत होत्या. कोणाला अपाय झाला नाही, पण नाक कापलं गेलं. सेठजींनी कंप्यूटर उघडायला लावला. दुसरी सही: अमिता पागनीस.

"मी हा लॉट बघितलाच नाही," अमिता म्हणाली. "मी ही सही केलेली नाही."

सेठजी माणूस वाईट नाही, पण एकदा पडद्यावर अक्षरं दिसली की त्यांना ती दगडावर कोरलेली वाटतात. म्हणाले, "मैडम, कंप्यूटर झूठ थोड़ी बोलता है." आशिषजी बाजूला उभे होते, त्यांनी नुसती मान डोलावली. अमिताची बदली झाली खाली, माझ्याकडे पॅकिंगमध्ये. तिच्या खुर्चीत अनुश्री आली, नुकतीच शिकून आलेली, गरीब गाय.

मला अमिताची दया यायला हवी होती, पण खरं सांगते, आधी तिचा राग आला. अगं, जरा आरडाओरड कर, रड, भांड. ती खोक्यांवर लेबलं लावत बसायची. एकदा म्हणाली, "भानुताई, आयुष्यभर मी स्पेलिंग सुधारत बसले. आता स्पेलिंग बिलकुल बरोबर आहे आणि माणूस गलत आहे." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

नंतर ती महूला आतेबहिणीकडे गेली होती. बहिणीच्या यजमानांचं तिथे ऑफिस. गप्पा मारता मारता ते चहाला उठले आणि कंप्यूटरला लावलेल्या डबीतून एक कार्ड ओढून खिशात टाकलं. पडदा तिथल्या तिथे बंद. अमिता चहा सोडून त्यांच्या मागे लागली. परत आली ती पार बदलून. गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटावर मला समजावून सांगत होती.

"हे कार्ड समजा. सगळे पासवर्ड याच्या पोटात. लांबलचक, आडवेतिडवे, मला स्वतःलाच माहीत नाही असे. मी फक्त पिन लक्षात ठेवायचा. पिन माझ्या डोक्यात, कार्ड माझ्या गळ्यात. दोन्ही असेल तर मी. यातलं एक जरी नसेल तर मी नाही."

"आणि पिन चुकला तर?"

"तीन वेळा चुकला की कार्ड लॉक. मग ज्याच्याकडे हे सगळं सोपवलेलं असतं, त्यानेच उघडून द्यायचं."

नशीब पाहा, तेव्हाच एका बड्या गिऱ्हाइकाने अट घातली की सही ज्याची त्यानेच केलीय हे दाखवा, मगच ऑर्डर. सेठजी घाबरले. अमिता वर गेली आणि ते पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवून सगळं सांगून आली. कार्डं आली, ती वाचायच्या डब्या आल्या, आणि हे लफडं सांभाळायला कोणी तयार नव्हतं म्हणून ते अमिताच्याच गळ्यात पडलं. प्रत्येकाचं कार्ड भरणं, त्यात लॅबचे, स्टॉकचे, मेलचे पासवर्ड घालणं, ठरलेल्या वेळी बदलणं, लॉक झालेलं उघडणं, सगळं तिच्याकडे. पगार तोच, जागा माझ्या पॅकिंगमधलीच.

आणि आमच्या शहाण्यांनी काय केलं? कार्ड डबीत घातलं ते तिथेच ठेवलं. एकाने हरवू नये म्हणून सुतळीने डबीला बांधलं. एकाने पिन मार्करने कार्डावरच लिहिला आणि वर अमितालाच दाखवून म्हणतो, "देखो मैडम, अब भूलने का झंझट ही नहीं." पूर्वी पासवर्ड तरी चोरावा लागायचा, आता दुकानच उघडं. गिऱ्हाइकाचे लोक पाहणीला येणार होते आणि एक जरी कार्ड असं बेवारस सापडलं असतं तर ऑर्डर गेली असती, कार्डंही गेली असती आणि अमिताचं नाव कायमचं त्या तरंगणाऱ्या गोळ्यांना चिकटून राहिलं असतं.

तिने सूचना लावली, कोणी वाचली नाही. तिने विनवण्या केल्या, लोक हसले. आशिषजी म्हणाले, "पागलनीस मैडम, थोडा आराम करो." चार वाजले होते, सगळा कारखाना कँटीनकडे धावत होता. अमिता ती धावपळ बघत उभी राहिली आणि अचानक माझा हात दाबला. "भानुताई, इंदूरचा माणूस कशाशिवाय राहू शकत नाही?"

आमच्याकडे चारची कचोरी कारखान्याकडून फुकट असते. दुसऱ्या आठवड्यात कँटीनच्या खिडकीवर कचोरी वाटणाऱ्या जयेशच्या शेजारी एक डबी येऊन बसली. कार्ड लावा, नाव उमटेल, कचोरी घ्या. कार्ड नाही, कचोरी नाही. लॉक झालेलं कार्ड असेल तरी नाही. सेठजींना तिने सांगितलं की एकाच माणसाने चार-चार कचोऱ्या उचलणं यामुळे बंद होईल, तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं.

पहिल्या दिवशी अर्धी रांग जिने चढून परत वर गेली. दुसऱ्या दिवशी थोडी. मग सुतळ्या सुटल्या, कार्डं गळ्यात आली, मार्करने लिहिलेले पिन पुसले गेले, कारण आता दुसऱ्याच्या कार्डावर कोणी कचोरी खाऊन जाईल ही भीती खरी होती. औषधाच्या सहीसाठी जे जमलं नाही ते चिंचेच्या चटणीने करून दाखवलं. मी रांगेत उभी राहून एकेकाचा गळा तपासायची आणि मनातल्या मनात नाचायची.

पण तिचं नाव अजून सुटलं नव्हतं. ते सुटलं पाहणीच्या आदल्या दिवशी, चार वाजता, त्याच खिडकीशी.

सेठजी त्या दिवशी स्वतः रांगेत होते, सगळं ठीकठाक चाललंय का बघायला. त्यांच्या पुढे आशिषजी. आशिषजींनी कार्ड लावलं. डबी लाल झाली. पुन्हा लावलं, पुन्हा लाल.

"भिया, लॉक है," जयेश म्हणाला. "अमिता मैडम से खुलवा लो. कचोरी रख देता हूँ."

अमिता माझ्या मागेच होती. ती पुढे आली, खिडकीशेजारच्या कंप्यूटरमध्ये स्वतःचं कार्ड घातलं, पिन टाकला. पडद्यावर आलेलं वाचायला तिला जरा जास्तच वेळ लागला असं मला वाटलं.

"उघडून देते," ती शांतपणे म्हणाली. "पण कारण लिहावं लागतं. इथे दिसतंय की कार्ड तुमचं, आणि नाव निवडलंय अनुश्रीचं. दुसऱ्या सहीसाठी. तीन वेळा पिन चुकला. काय लिहू?"

आशिषजी वैतागले. भूक आणि घाई एकत्र आली की माणूस खरं बोलून जातो. "अरे, लॉट अर्जंट था. अनुश्री नीचे आई हुई थी. सोचा कर देता हूँ, कोई भी कार्ड चलेगा, पिन तो उसी का डाला. क्या है ये आपका नया नाटक, पहले तो उसका नाम और पासवर्ड डाला कि हमेशा खुल जाता था."

रांगेतून अनुश्री पुढे आली, रंग उडालेला. "माझं? नेहमी?"

आशिषजींच्या तोवर लक्षात आलं होतं. ते चटणीच्या भांड्याकडे बघायला लागले.

अमिताने मान वर केली. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं, "आणि माझं?"

सेठजींनी आपली प्लेट खिडकीत परत ठेवली. मग अमिताला म्हणाले, "जो हुआ, वही लिखो मैडम. और वो पुराना वाला लॉट भी खोलो. उसमें भी लिखो."

"जुनी सही पुसता येत नाही, सेठजी."

"पुसू नका," सेठजी चक्क मराठीत बोलले, आमच्यासोबत राहून थोडी त्यांना येते. "खाली लिहा. मी सही करतो." आणि मग सेठजीच ते, राहवलं नाही. "मैंने तो पहले ही कहा था, कंप्यूटर झूठ नहीं बोलता."

"नाही बोलत," अमिता म्हणाली. "पण समोर कोण बसलंय हे त्याला पूर्वी कळत नव्हतं."

मग जो गलका झाला तो विचारू नका. माझ्या पॅकिंगच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, जयेशने अमिताच्या प्लेटमध्ये दोन कचोऱ्या टाकल्या. तिने एक परत दिली. माझ्या नावावर एकच आहे, म्हणाली. मला इतकं भरून आलं की चटणी तिखट आहे असं सांगून मी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, जिन्यावर, लॅबमध्ये, सगळीकडे गळ्यात कार्डं बघून खूश झाले, ऑर्डर मिळाली. आशिषजींना पहिल्या सहीवरून काढलं. अमिताला तिची खुर्ची परत मिळाली. नव्हे, एक वरची मिळाली, पहिल्या सहीची. दुसरी अनुश्रीकडेच राहिली, आणि अमिताने तिला पहिल्याच दिवशी दम दिला की माझं तपासलेलं डोळे मिटून पास करायचं नाही.

त्या सकाळी मी तिच्यासोबत मुद्दाम वर गेले होते. खाली खोकी पडून होती, पडू दे म्हटलं. तिने खुर्ची पुसली, बसली, गळ्यातलं कार्ड काढून डबीत घातलं, हाताच्या आडोशाने पिन टाकला. माझ्यापासूनसुद्धा लपवला, शाबास. पडदा उजळला आणि वर अक्षरं आली: अमिता पागनीस.

आणि खुर्चीत तीच बसलेली होती.