लॅमिनेट केलेला समुद्र

आमच्या घरात जे जे कार्ड म्हणून येतं, ते लॅमिनेट होतं.

ही माझी सवय नाही, हे संस्कार आहेत. माझ्या लहानपणी वडिलांचं रेशनकार्ड सदऱ्याच्या खिशातून थेट धुण्याच्या बादलीत गेलं आणि नवीन काढताना त्यांच्या चपलांचे दोन जोड झिजले. तेव्हापासून 'कार्ड' हा शब्द कानावर पडला की माझे हात आपोआप प्लास्टिक शोधू लागतात. आधार, पॅन, लेकीचं लसीकरणाचं कार्ड, मिक्सरचं वॉरंटी कार्ड (त्यावर दुकानाचा शिक्का मारायचा राहिला होता, हे लॅमिनेट झाल्यावर लक्षात आलं!), सगळं कसं कडक आणि चकचकीत. आमच्या ऑफिसातलं जुनं लॅमिनेशन मशीन भंगारात निघालं, तेव्हा मी ते रिक्षात मांडीवर घेऊन नाहूरला घरी आणलं. दार उघडल्यावर बायको एवढंच म्हणाली, "लोक ऑफिसातून बोनस आणतात."

त्यामुळे तेरा वर्षांची आमची मनवा एक दिवस "बाबा, मला कार्डं हवीयत," असं म्हणाली, तेव्हा मला भरून आलं. पोरगी आपल्यावर गेली!

पण ही कार्डं खेळाची होती. प्रत्येकावर एकेक प्राणी, त्याची ताकद, त्याचा दम आणि त्याचा एखादा खास गुण. असे चाळीस प्राणी निवडून आपला डेक बांधायचा आणि समोरच्याच्या डेकशी लढायचं. घाटकोपरला फरसाणाच्या दुकानाच्या वर पहिल्या मजल्यावर या खेळाचं दुकान आहे आणि तिथे महिन्यातून एका रविवारी स्पर्धा होते. मनवा सहा महिने तिथे जात होती, पण भिंतीशी उभी राहून नुसती बघायची. कारण जिंकणाऱ्या डेकांमध्ये एकेक कार्ड आमच्या गॅस सिलिंडरच्या किमतीचं असायचं. तिने एकदाही हट्ट केला नाही. (मी तिच्या जागी असतो तर जिन्यात लोळलो असतो.)

मग त्या दुकानाच्या मालकाने, जिगरने, दोन महिन्यांनंतरच्या स्पर्धेसाठी वेगळा नियम काढला. डेकला एक थीम हवी आणि एकही कार्ड वीस रुपयांच्या वरचं नको! मनवा घरी आली ती उड्या मारतच. "बाबा, या वेळी मी बसणार! खुर्चीवर! खेळायला!"

तिने थीम घेतली समुद्र. पुढचे दोन महिने दर शनिवारी आम्ही जिगरच्या सुट्ट्या कार्डांच्या खोक्यापुढे. ती एकेक कार्ड वाचायची, मनाशी काहीतरी जुळवायची, बाजूला ठेवायची, परत उचलायची. मी अर्थातच मार्गदर्शन करत होतो.

"हा घे ना! सोनेरी ड्रॅगन! बघ कसला झकास आहे!"

"बाबा, तो साडेतीनशेचा आहे. आणि समुद्रात काय करणार तो?"

"पोहेल!"

यानंतर मार्गदर्शनासाठी माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्काला, बोलावण्यात आलं. आक्का भांडुपला राहते. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नाही, पण तिने चाळीस वर्षं मासळीबाजार केलाय आणि तिला आजवर एकाही कोळणीने फसवलेलं नाही. (तिला बघून काही जणी आधीच भाव कमी सांगतात.) तिने खोक्यात हात घातला, वरची चकचकीत कार्डं बाजूला सारली आणि तळापासून बघायला सुरुवात केली.

"वाट्यातलो वरचो मासो बघूचो नाय गे बाय, खालचो बघूचो," ती मनवाला म्हणाली. "पापलेट घेवन कोणय शाणो होता. मांदेल्यार चार मानसां जेवली पायजेत, तेका अक्कल लागता!"

मनवाने तिच्याकडे असं पाहिलं, जसं तिने माझ्याकडे आजवर कधीही पाहिलं नव्हतं. "आत्या, हा बारका मासा बघ. ताकद एकच. पण याच्यासोबत जितके बारके मासे, तितकी प्रत्येकाची ताकद वाढते."

"म्हणजे तारली! घे आठ!"

असे चाळीस जलचर जमले. स्वस्तातले, कोणाच्या डोळ्यांत न भरणारे, पण एकमेकांना धरून राहणारे. मनवाने घरी मला डेक समजावून सांगितला तेव्हा मी थक्क झालो. ही तेरा वर्षांची पोर दहा-दहा रुपयांच्या माशांतून आरमार उभं करत होती!

आणि या कौतुकाच्या भरातच मी घात केला.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मनवा क्लासला आणि बायको कामावर गेली होती. टेबलावर चाळीस कार्डं ठेवली होती. मी एक हातात घेतलं. कागद पातळ, कडा कोवळ्या. उद्या पोरीच्या हाताला घाम आला तर? कोणी चहा सांडला तर? शेजारी बारक्या पारदर्शक पिशव्यांचं एक पाकीट होतं. बायकोने कानातली ठेवायला आणल्या असाव्यात, असं समजून मी ते उचलून स्वयंपाकघराच्या खणात टाकलं. आणि मशीन लावलं.

दोन तास खपलो! एकेक मासा सुटा कापला, चारही कोपरे गोल केले, बोटाला टोचू नयेत म्हणून. आयुष्यात इतकं सुबक लॅमिनेशन मी केलं नव्हतं.

मनवा आली. "डोळे मीट," मी म्हणालो. तिने मिटले. "आता उघड!"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसता गठ्ठा उचलला. (तो आता डब्यातल्या चार पोळ्यांएवढा जाड झाला होता.) तिने तो पिसायला घेतला आणि अख्खा समुद्र तिच्या हातून सुळकन निसटून हॉलभर पसरला. एक शार्क थेट सोफ्याखाली गेला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "लॅमिनेट केलेली चालत नाहीत."

"कोण म्हणतं?"

मी तावातावाने जिगरला फोन लावला. तो म्हणाला, "काका, लॅमिनेट? म्हणजे गरम करून? सगळी? चाळीस?... एक मिनिट हां, मी जरा स्पीकरवर टाकतो." मागे दहा-बारा जण हसल्याचा आवाज आला. मग जिगर गंभीर झाला. "नाही चालणार काका. कार्ड जसं छापलंय तसंच पाहिजे. फक्त वरून कव्हर चालतं, त्या छोट्या पारदर्शक पिशव्या असतात ना, त्या."

मी स्वयंपाकघराच्या खणाकडे पाहिलं. तेवढ्यात बायको आली आणि तिनेही माझ्या नजरेच्या दिशेने पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही.

मग मी चूक सुधारायला गेलो. इस्त्री गरम केली, ऑक्टोपसवर फडकं टाकलं, हलकेच फिरवली आणि प्लास्टिक ओढलं. पाच पाय प्लास्टिकला आले, तीन कागदालाच राहिले.

"अरे, थांब आता! वाट लावलीस तेवढी पुरे!" बायकोने इस्त्रीचं बटण बंद केलं.

मनवा म्हणाली, "असू दे, बाबा. उद्या मी भिंतीशी उभी राहीन. मला सवय आहे."

हे वाक्य मला फार लागलं, खोटं कशाला बोलू? मी गॅलरीत जाऊन आक्काला फोन केला. वीस मिनिटांत ती रिक्षाने हजर. तिने टेबलावरचा चकचकीत ढीग पाहिला, त्यातली एक तारली उचलून वाकवून बघितली. वाकली नाही.

"ह्या काय केलंस रे मेल्या? अख्खो दर्या प्लाष्टिकात कोंडलंस!" मग मनवाकडे वळून म्हणाली, "उद्या दुकान किती वाजता उघडता गे?"

"दहाला. पण स्पर्धा अकराला आहे, आत्या."

"तासभर? माका सणाचो बाजार अर्ध्या तासात जमता!"

रविवारी दहा वाजता आम्ही जिगरच्या दारात. मी आत शिरताच कोणीतरी "लॅमिनेशनवाले काका आले!" म्हणालं आणि दोघातिघांनी आपली कार्डं खिशात टाकली.

खरी पंचाईत पुढेच होती. खोक्यात समुद्र शिल्लकच नव्हता! जे काही चांगले मासे होते, ते दोन महिन्यांत मनवानेच वेचले होते आणि ते आता आमच्या घरी अजरामर होऊन पडले होते. मनवाचा चेहरा उतरला. आक्काने मात्र पदर खोचला, अख्खा खोका टेबलावर पालथा केला आणि बाजारात बसल्यासारखे वाटे लावायला घेतले.

"ह्यो कोण?"

"तो चिखलात राहतो, आत्या. ताकद एक. पण मारला तरी पुढच्या फेरीला परत येतो."

"निवटी! आनि ह्यो?"

"खेकडा. कोणी घेत नाही. हल्ला करत नाही, नुसता अडवतो."

"आनि ह्यो पक्षी? गुलाबी पायांचो?"

"तोही पडूनच आहे. दहा रुपये."

आक्का हसली. "अगो बाय, ह्यो तर आमच्या भांडुपच्या खाडीर येता! दर्यात मासो नाय गावलो तर मानूस खय जाता? खाडीत! चिखलात जो टिकता, तो खयय टिकता."

मनवा दोन क्षण त्या वाट्यांकडे बघत राहिली. आणि मग जे झालं ते मी जन्मभर विसरणार नाही. पोरीचे डोळे लकाकले आणि हात चालू लागले. खेकडे पुढे, अडवायला. निवट्या मध्ये, मरून परत यायला. पक्षी वर, सगळ्यांच्या डोक्यावरून जायला! ती घ्यायची, टाकायची, आक्काने दिलेलंही "नको, हा जुळत नाही" म्हणून परत करायची. मी एक मगर पुढे केली.

"बाबा, तू हात लावू नकोस." हे तिने प्रेमाने सांगितलं. बहुधा.

अकराला पाच मिनिटं असताना एकोणचाळीस झाली. एक कमी! आक्काने ढिगातून एक मळकट कार्ड ओढलं. "कालवां घे."

"आत्या, याची ताकद शून्य आहे. ते नुसतं खडकाला चिकटून बसतं..." मनवाने खालची बारीक अक्षरं वाचली आणि थबकली. "...आणि दर फेरीला माझा एक जीव वाढवतं! आत्याऽऽ!" तिने भर दुकानात आक्काला मिठी मारली. कव्हरं या वेळी बायकोच्या पर्समध्ये होती आणि पर्स माझ्यापासून लांब होती.

थीमच्या रकान्यात मनवाने लिहिलं, 'खाडी'. आणि खुर्चीवर बसली.

समोर पवईहून आलेला इंजिनिअरिंगचा दाढीवाला विद्यार्थी होता, त्याचा डेक यंत्रमानवांचा. दहा मिनिटं त्याची यंत्रं खेकड्यांवर डोकं आपटत राहिली, निवट्या मरून मरून परत येत राहिल्या, आणि वरून गुलाबी पायांच्या पक्ष्याने त्याचा कार्यक्रम उरकला! "यार, हे काय आहे?" तो म्हणाला. "भांडुप," मनवा म्हणाली.

चार डावांत ती दोन जिंकली, दोन हरली. बक्षीस मिळालं नाही. पण शेवटी तिच्या टेबलाभोवती घोळका होता, दाढीवाला तिच्या डेकचे फोटो काढत होता, आणि ती खुर्चीवर बसून कालवं म्हणजे काय ते सगळ्यांना समजावत होती. भिंतीशी मी उभा होतो. माझे डोळे भरले होते. खाली फरसाणवाल्याचं मिरच्या तळणं चालू होतं, असं मी बायकोला सांगितलं.

परतताना रिक्षात मी विषय काढला. "एक मात्र मान्य करा. मी लॅमिनेट केलं नसतं, तर खाडी सुचली असती का?"

कोणीही मान्य केलं नाही. आक्का तडक आमच्या घरी आली आणि मशीन बगलेत मारून भांडुपला घेऊन गेली. मासेही नेले. हल्ली तिच्याकडे गेलं की चहाच्या कपाखाली देवमासा असतो.

पुढच्या आठवड्यात मनवाने माझ्या हातात स्वतः रंगवलेलं एक कार्ड ठेवलं. त्यावर चष्मा लावलेला, पोट सुटलेला एक प्राणी. नाव: बाबा. ताकद: शून्य. दम: भरपूर. खास गुण: आपल्याच बाजूच्या चाळीस प्राण्यांना एका दुपारी गारद करतो. किंमत: फुकट. खाली बारीक अक्षरांत, 'तरीही माझ्या डेकमध्ये कायम.'

मी ते कार्ड कितीतरी वेळ बघत बसलो. कागद पातळ होता, कडा कोवळ्या होत्या आणि जगात त्याची ही एकच प्रत होती. मग मी चपला घातल्या, गुपचूप खालच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो आणि ते लॅमिनेट करून आणलं!