बिनबटणवाल्यांची पेटी

मामा शिंपी, आणि त्यांच्या पंथात बटणाला बंदी. आता बोला! दिवसभर लोकांच्या सदऱ्यांना काजं करायची, बटणं लावायची, आणि स्वतःच्या सदऱ्याला मात्र दोन बंद बांधायचे, तेही आतल्या बाजूने. गल्ली त्यांना तोंडावर मामा म्हणायची आणि पाठीमागे बिनबटणवाले. मामांना दोन्ही ठाऊक होतं आणि त्यांना कशाचाच राग नव्हता. राग यायचा तो फक्त माप देताना पोट आत ओढून उभ्या राहणाऱ्या गिऱ्हाइकांचा.

पंथ ख्रिस्ती, पण इवलासा. मोठ्या चर्चवाल्यांनी यांना कधी मोजलं नाही, आणि यांनी मोठ्या चर्चवाल्यांना त्याबद्दल कधी माफ केलं नाही. यांचं म्हणणं साधं होतं: देवापुढे मिरवू नये. बटण चमकतं, म्हणून बटण नको. फोटोत माणूस मिरवतो, म्हणून फोटो नको. थडग्यावर नाव नको, नुसता दगड पुरे. गातानाही आवाज चढवायचा नाही, आणि ज्याचा गळा गोड त्याने तर मुळीच नाही. दुकानाच्या माडीवर यांची उपासना भरायची. एके काळी जिन्यावर जोडे मावत नसत. मग म्हातारे एकेक करून गेले, तरुणांना बटणं आवडायला लागली, आणि मंडळीत उरले एकटे मामा. एकटे म्हणून मतभेद संपले असं मात्र समजू नका. रविवारी प्रार्थना लांबली की मामा स्वतःवरच चिडायचे.

चिडून झालं की त्यांना एक काळजी लागायची. आपण गेलो की मंडळी गेली. पुढे कुणी विचारलं, अशी माणसं खरंच होती का, तर दाखवणार काय? नाव नसलेले दगड?

म्हणून तर भाचीने, धाकट्या बहिणीच्या मुलीने, या पंथाच्या इतिहासावर प्रबंध लिहायचं ठरवलं तेव्हा मामांचा आनंद पोटात मावेना. हे मिरवणं नव्हे, असं त्यांनी देवाला आधीच सांगून टाकलं. भाचीला म्हणाले, "तू फक्त ये. तुझे पणजोबा मंडळीचे लेखनिक होते. कोण काय बोललं, काय ठरलं, सगळं त्यांनी लिहिलंय. सगळं माझ्या पेटीत आहे." त्या पेटीच्या भरवशावर भाचीने सरांकडून विषय मंजूर करून घेतला.

या धाकट्या बहिणीचीही एक गंमतच. तिने लग्न केलं बटणवाल्यांत, पण फोटो काढायची वेळ आली तेव्हा नेमकी मान फिरवली. त्या फोटोत नवरा झकास हसतोय आणि त्याच्या शेजारी एक अंबाडा. मुलगी जेमतेम चालायला लागली होती, तेव्हा तापाने बहीण गेली. भाचीकडे आई म्हणून होता तो एवढा अंबाडा.

भाची आली ती धापा टाकतच. डाव्या खांद्यावरून घसरलेली पिशवी तिने वर ओढली. ती पुन्हा घसरली.

"या, मास्तरीणबाई!" मामांनी कापायचं टेबल लख्ख पुसून ठेवलं होतं. पेटी वर चढवली, झाकण उघडलं आणि बाजूला होऊन हाताची घडी घालून उभे राहिले.

भाचीने वरचा कागद उचलला. जाड, पिवळा, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरात लिहिलेला. तिने तो आडवा धरला, उभा धरला.

"मामा, हे काय आहे?"

"कागद."

"ही बाही आहे!"

"डावी. उजवी तिच्याखाली आहे."

तिने भराभर पेटी उपसली. बाह्या, पाठी, गळे, पायजम्याचे पाय. कपडा कापायचे फर्मे, सगळे पणजोबांच्या अक्षराने भरलेले. काठाला कुणाकुणाची मापं.

"आपल्या पणजोबांच्या वह्या फाडल्या?"

"फाडल्या नाहीत, बेतल्या," मामांना शब्द लागला. "तुझ्या आजोबांनी. तेव्हा बाजारात जाड कागद औषधाला मिळेना. मंडळीच्या वडिलांना, म्हणजे प्रमुखांना, रीतसर विचारलं. ते म्हणाले, लिहिलंय ते देवाला पाठ आहे, कागद कामाला लाव. आणि एक चिटोरं वाया घालवलेलं नाही हो! उरलेल्या तुकड्यांतून पोरांच्या टोप्या काढल्या."

"बटणबंदीचा ठराव कुठे आहे? माझं अख्खं पहिलं प्रकरण त्याच्यावर उभं आहे."

मामा उत्साहाने शोधायला लागले. सापडलाही लगेच. अर्धा ठराव गिरणीतल्या फिटरच्या तुमानीच्या डाव्या कुल्ल्यावर होता आणि अर्धा उजव्यावर. मधल्या चार ओळी, जिथे कारण दिलेलं होतं, तिथून कात्री गेली होती.

भाचीने डोक्याला हात लावला. "सरांना आता काय सांगू मी? यात लिहिण्यासारखं काही उरलेलंच नाही, मामा."

आयुष्यभर मामा समजत होते की आपण जपलं. कसर लागू नये म्हणून दर वर्षी ऊन दाखवलं, घड्या बदलल्या. आणि शिकलेली पोर म्हणते, काही नाही. म्हणजे आपण सगळे नव्हतोच की काय? त्यांना फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की ते आवरायला घ्यायचे. त्यांनी फर्मे गोळा करायला सुरुवात केली. भाचीही मुकाट्याने हात लावू लागली, पण रागाच्या भरात एक कागद जरा जोरात ओढला.

"अगं हळू! वडिलांची पाठ आहे ती!"

"आजोबांची?"

"नाही गं, मंडळीच्या वडिलांची. कुबड होतं त्यांना. बघ, वरून कशी गोल काढलीय, आणि मागून लांबीला चार बोटं जास्त. त्यामुळे कुबड दिसत नाही असं त्यांना वाटायचं. सगळ्यांना दिसायचं. सांगतो कोण?"

भाचीने कागद टेबलावर पसरला. त्यावर पणजोबांनी माडीचं छप्पर गळतं त्याविषयी लिहिलं होतं. पण तिची नजर अक्षरांवर नव्हती, कडेच्या गोलाईवर होती.

"आणि हा कुणाचा?"

"आचारीणबाई. कमरेला दर वर्षी एकेक पट्टी चिकटवलीय, दिसतेय? उपासाचं महत्त्व सगळ्यात जास्त याच सांगायच्या."

भाचीला हसू फुटलं. मग सुतार निघाला, एक बाही आखूड असलेला. मग दोन जुळ्या बहिणी, ज्या आयुष्यभर म्हणत राहिल्या की आमचं माप एकच, आणि नव्हतं. भाचीने पिशवीतून वही काढली, पहिल्या प्रकरणाचा आराखडा लिहिलेलं पहिलं पान तसंच सोडून दुसरं उघडलं. ती विचारत गेली, मामा सांगत गेले, आणि गळ्यात टेप अडकवलेला हा माणूस हळूहळू अशा तोऱ्यात बोलायला लागला की मंडळीच्या वडिलांनी ऐकलं असतं तर समज दिली असती.

"मामा, तुमच्यात फोटो नाहीत म्हणतोस. ही तर अख्खी मंडळी आहे इथे."

"फोटो कुठे? मापं आहेत."

"सरांना सांगते, पहिलं प्रकरण नव्याने लिहिणार." पेटीच्या तळाशी एक फर्मा पांढऱ्या कापडात गुंडाळलेला होता. तिने हात घातला. "आणि हा?"

"तो राहू दे."

"का?"

मामा जरा वेळ टेप बोटाला गुंडाळत बसले. मग त्यांनीच तो उलगडला. "तुझ्या आईचा. लग्नाच्या कपड्यांचा. हा मी बेतला होता."

भाचीने कागदावर तळहात ठेवला, जिथे पाठीचा मधला भाग येतो तिथे, आणि बराच वेळ तो काढला नाही. मग ती मामांकडे पाठ करून उभी राहिली.

"लावून बघ."

मामांनी टाचण्या ओठांत धरल्या, फर्मा तिच्या पाठीवर ठेवला, आणि कुठल्याही गिऱ्हाइकाला बोलावं तसं सवयीने बोलून गेले, "नीट उभी राहा. डावा खांदा पाडू नकोस."

"नीटच उभी आहे मी. माझा खांदाच तसा आहे."

मामांचा हात थांबला. कागदाचा डावा खांदा अर्ध्या बोटाने खाली कापलेला होता, त्यांनीच कापलेला, आणि तो या खांद्यावर एक सुरकुती न पाडता बसला होता. ओठांतल्या टाचण्या त्यांनी काढून हातात घेतल्या.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तीही हेच म्हणायची."

गल्लीतून कुणीतरी मामांना हाक मारली. मामांनी ओ दिली नाही. भाचीने डोळे पुसले, तरी ती तशीच उभी राहिली, आणि मामांनी टेप खालपर्यंत सोडला.

"लांबीला तू तिच्यापेक्षा दोन बोटं जास्त आहेस," त्यांनी नाक ओढलं. "खाली पट्टी चिकटवावी लागेल. जाड कागद बघतो."

भाचीने टेबलावरची वही ओढली, पहिलं पान फाडलं आणि मागे न वळताच त्यांच्यापुढे धरलं.

"अगं, याच्यावर लिहिलंय तू काहीतरी."

"असू दे," ती म्हणाली. "कामाला लाव."