माइकसमोरची मान

"गुरुजी, आवाज येतोय आणि जातोय," काचेपलीकडून सय्यद साहेबांचे शब्द स्पीकरवर आले. "पोटातून काढा. मोठा करा."

मी मोठा केला. लगेच स्टुडिओचे जड दार उघडून देशपांडे बाई आत आल्या.

"ओरडू नका हो. माइक बहिरा नाही."

प्रशिक्षणाचा तो सातवा दिवस होता. सातही दिवस मी हे दोन आदेश आळीपाळीने पाळत होतो आणि दोघेही असमाधानी होते.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षे. सेलूच्या ज्या शाळेत मी संस्कृत शिकवीत असे, तेथील संस्कृतचा वर्ग विद्यार्थ्यांअभावी बंद झाला. तेव्हा बेचाळिसाव्या वर्षी मी परभणीला नभोवाणीवर नैमित्तिक निवेदकासाठी अर्ज केला. नैमित्तिक म्हणजे गरज पडेल तेव्हा बोलावला जाणारा. आधी दहा दिवस आवाजाचे शिक्षण आणि दहाव्या दिवशी ऑडिशनची टेप. टेप नापास झाली तर घरी परत. आणि परत जायला शाळा उरली नव्हती.

दोन्ही शिक्षक वयाने माझ्याहून लहान होते. तथापि विद्या देईल तो गुरू, असे मी मानत आलो. रोज प्रथम दोघांना नमस्कार करी. सय्यद साहेबांना त्याचा फार संकोच वाटे.

साहेब ध्वनिमुद्रणाचे जाणकार. त्यांच्या यंत्रावर एक काटा असे. आवाज वाढला की तो तांबड्या पट्ट्याकडे सरके, घटला की खाली पडे. त्यांची नजर त्या काट्यावरून हलत नसे. 'प' आणि 'भ' उच्चारताना तोंडातून वाऱ्याचा झोत निघतो आणि माइकमध्ये तो धडकल्यासारखा ऐकू येतो, म्हणून त्यांनी मला ओठांसमोर पेटती उदबत्ती धरून पाठ करायला सांगितले. धूर हलता कामा नये. देवापुढची उदबत्ती अशी वापरताना मी मनोमन क्षमा मागत असे.

देशपांडे बाई ज्येष्ठ निवेदिका. त्या डोळे मिटून ऐकत. आवाज एका पातळीवर राहिला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याचे कारणही त्यांनी एकदाच, पण स्पष्ट सांगितले. "एका नावावर तुमचा आवाज चढला आणि दुसऱ्या नावावर पडला, तर गावोगाव लोक त्यातून बाजू काढतील. दिवस कसे आहेत, तुम्ही बघताच आहात."

हे ऐकून मी अधिकच भ्यालो. आवाज कुठे चढतो आणि कुठे पडतो, हेच मला कळत नव्हते. माझ्या कानाला तो सरळच वाटत होता.

आठव्या दिवशी पेडगावच्या बायका पंचमीची गाणी ध्वनिमुद्रित करायला आल्या होत्या. त्यांच्या म्होरक्या हिराबाई काचेपलीकडे साहेबांच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या. माझे वाचन चालू असता त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. साहेबांनी जरा चिडूनच कारण विचारले. स्पीकर चालूच होता, त्यामुळे उत्तर मलाही ऐकू आले.

"साहेब, तुमी त्या काट्याकडंच बघायलाव. म्हाराजाकडं बघा की. नंदीबैलावानी मान डोलवायलेत."

साहेबांनी वर पाहिले. मला पुन्हा वाचायला सांगितले. दोन वाक्ये होताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"गुरुजी, एका वाक्यात चारदा माइकपासून लांब जाताय आणि चारदा जवळ येताय."

मला पत्ताच नव्हता. आम्ही ऋग्वेदी. बालपणी पाठशाळेत गुरुजी शिष्याचे मस्तक स्वतःच्या हातात धरून हलवीत: खालच्या स्वराला खाली, वरच्या स्वराला वर. ते वळण माझ्या मानेत इतके मुरले होते की साधी बातमी वाचतानाही मान चालू राही. मान लांब गेली की काटा पडे आणि साहेब बोलत. जवळ आली की बाई दार उघडत.

दोष सापडला, पण गोंधळ वाढला. मान आवरली की वाणीच अडे. चार शब्दांनंतर पुढचा शब्द दिसत असूनही उच्चारता येईना. शिवाय मस्तकावरचा गुरूंचा हात आपणच झटकत आहोत, असे वाटून मन खिन्न झाले.

गाणी संपवून हिराबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही मनगटांवर फडके गुंडाळलेले होते. मी चौकशी केली.

"सायबांनी बांगड्या काढा म्हणलं, आवाज येतो म्हणून. नवरा जित्ता हाय, कशापायी काढू? फडकं बांधलं. तुमीबी बांधा की कायतरी."

मान कशी बांधणार, हे मला उमगेना. संध्याकाळच्या पॅसेंजरने सेलूला परतताना पाठशाळेचे शुक्ल यजुर्वेदी सहाध्यायी आठवले. ते स्वर मानेने नव्हे, हाताने दाखवीत. आम्ही त्यांना माशा हाकणारे म्हणून हिणवीत असू.

नवव्या दिवशी मी उजवा हात टेबलाखाली ठेवला आणि स्वर त्याच्याकडे सोपविले. प्रथम हात आणि मान दोन्ही चालत. दुपारपर्यंत मान थांबली. हात चालूच राहिला. तो माइकला दिसत नाही.

दहाव्या दिवशीची टेप पास झाली.

"शेवटी ओरडणं सोडलंत," बाई समाधानाने म्हणाल्या. थोड्या वेळाने साहेबांनी पाठीवर थाप दिली. "आज खरा पोटातून आला."

मी दोघांनाही नमस्कार केला. त्या दिवशी मी आवाज मोठा केला होता की लहान, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढे नव्या निवेदकांना शिकविण्याचे काम माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी मी त्यांचे काहीही ऐकत नसे. स्पीकर बंद करून काचेपाशी उभा राही आणि वाचताना ते करतात काय, तेवढेच पाही.