त्या गावात मी काळं घातलं नाही

नवरा जाऊन वर्ष व्हायचं होतं, आणि मी समुद्रावर सुट्टीला जाणार म्हटल्यावर लंडनच्या हाउन्सलो भागातल्या आमच्या मराठी घरांत जणू दुसरं मयत झालं. वर्षाच्या आत? एकटी? आणि तेही पुण्याला नाही? आमच्याकडे सुट्टी म्हणजे बॅगा भरून पुणं, हे ठरलेलंच. विमानतळावरच्या दुकानात उन्हाचे चष्मे विकण्यात माझी हयात गेली. जगाला मी समुद्रावर पाठवलं आणि स्वतः दर सुट्टीत चुलतसासऱ्यांकडे जेवायला गेले.

बर्मिंगहॅमहून मुलाचा फोन आला. इथेच जन्मलेला, टाय लावून ऑफिसात जाणारा, पण बोलला हुबेहूब माझ्या सासूबाईंसारखा. "आई, घरात तू काय पण कर, दॅट्स फाइन. पण लोकांना दिसेल असा नको ना. जस्ट वेट, एक वर्ष होऊ दे."

तिकीट काढलंय, एवढंच सांगून मी फोन ठेवला. मग पोटभर रडले. मला दुःख नव्हतं असं कुणी समजू नये. पण नवरा गेल्यापासून जो तो मला नुसतं बसवून ठेवत होता, आणि मला पाण्यात जायचं होतं. लहानपणी मी मालवणच्या समुद्रात पोहायचे. लग्नानंतर ते सुटलं ते सुटलंच.

सायप्रस बेटावरच्या त्या गावात हॉटेल नव्हतं, म्हणून मी एका घरात खोली घेतली होती. एक चर्च, एक कॉफीचं दुकान आणि तळ दिसेल असं पाणी. माहितीपत्रकात लिहिलं होतं, अजून न बिघडलेलं गाव. न बिघडलेलं म्हणजे काय, ते पोचल्याबरोबर कळलं. बायका दारोदार खुर्च्या टाकून बसलेल्या, आणि त्यांतल्या निम्म्या डोक्यापासून पायांपर्यंत काळ्या कपड्यांत. सगळ्या विधवा. म्हटलं, पळसाला पानं तीनच!

माझी घरमालकीणही त्यांतलीच. तरुणपणी ती लंडनमध्ये कपडे शिवायच्या कारखान्यात होती, त्यामुळे इंग्रजी चांगलं बोलायची. नवरा कुठे आहे, तिने विचारलं. मी सांगितल्यावर माझा हात हातात घेऊन बराच वेळ बसली. बाई मायाळू होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

सकाळी माझ्या दारापाशी ती इस्त्री केलेला काळा रुमाल घेऊन उभी. पाण्याकडे जायची वाट कॉफीच्या दुकानावरून होती. तेवढ्यापुरता हा डोक्याला बांध, ती म्हणाली, बायका विचारतायत. खोलीत काय हवं ते घाल.

माझं डोकंच फिरलं. हेच ऐकून तर मी घरून निघाले होते. रुमाल तिच्या हातात परत देऊन मी विचारलं, "लंडनमध्ये तुम्ही कोणता रंग घालायचात?"

"पिवळा," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण तेव्हा नवरा होता."

"माझाही होता. पण मी रंग घालायचे ते मला आवडायचे म्हणून."

मी पोपटी रंगाचा पोहायचा पोशाख घातला, खांद्यावर टॉवेल टाकला, कपाळावर रोजची टिकली लावली आणि त्याच वाटेने गेले. दुकानासमोरच्या गप्पा थांबल्या. मी चाल बदलली नाही. पाण्यात शिरल्यावर आधी नाकातोंडात पाणी गेलं. मग हातपाय आपोआप चालू लागले आणि मी किनारा लांब राहीपर्यंत पोहत गेले. मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही. सुट्टी संपेपर्यंत रोज गेले.

निघताना घरमालकीण खाली बघून म्हणाली की पुढच्या उन्हाळ्यात तिची खोली रिकामी नसेल. मी समजायचं ते समजले. रागही आला आणि वाईटही वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिच्या समोरच्याच घरात खोली घेतली. ओल्या केसांनी परत यायचे तेव्हा ती दारात शिवत बसलेली असायची. सुरुवातीला तिने मान फिरवली. मग एका सकाळी, आसपास कुणी नाही असं बघून, तिने शिवण खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "पाणी कसं आहे?"

"येऊन बघा," मी म्हटलं.

ती काही आली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारलं, आणि मीही पुन्हा तेच सांगितलं.