वर्ध्याची आई

मी हिंगणी सोडली त्या सकाळी, तनू, तू जाऊबाईंच्या पुढ्यात बसून वेणी घालून घेत होतीस. केस ओढले गेले की तू तोंड वाकडं करायचीस, त्या नादात तुझं माझ्याकडे लक्ष नव्हतं. जाऊबाईंनी मला डोळ्यांनी खुणावलं, आत्ताच निघ. मी पिशवी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडले. सासूबाई बसस्टँडपर्यंत आल्या. "आधी कामावर हात बसू दे, मंग ने पोरीले," त्या म्हणाल्या. "आत्ता तुहाच ठिकाना नाई." बस सुटली तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, चाकाकडे बघत होत्या.

तुझ्या बाबांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. ते बोरच्या जंगलात वाघ बघायला आलेल्या पाहुण्यांची जिप्सी चालवायचे. कावीळ अंगावर काढली आणि गेले. दिराच्या घरात मला जेवणावरून कोणी कधी बोललं नाही. पण मीच दुसरी पोळी घ्यायची बंद झाले होते. अशात कळलं की वर्ध्याला एका फोटो स्टुडिओत शिकाऊ बाई पाहिजे. स्थळासाठी फोटो काढायला मुली येतात, त्या पुरुषमाणसासमोर अवघडतात, त्यांची ओढणी नीट करायला, मान वळवायला बाई लागते. मी चौथी शिकलेली. पण मान वळवायला शाळा कशाला लागते? मी गेले.

स्टुडिओ प्रमोदभाऊंचा. मी कोणाशी बोलायची नाही, म्हणून त्यांनी मला उजेड शिकवला. दिव्याची मोठी छत्री कुठे ठेवायची, पांढरं थर्माकोल कोणत्या बाजूने धरायचं, हे बोलल्याशिवाय करता येतं. "नाकाची सावली ओठाले लागली तं माणूस आजारी दिसते," ते सांगायचे. "अन् दोन्ही डोळ्यांत उजेडाचा ठिपका पाहिजे. ठिपका नाई तं डोळा मेला." मग कॉम्प्युटरवर बसवलं. मला इंग्रजी येत नव्हतं. "अक्षरं नको वाचू, चित्रं वाच," म्हणाले. पुटकुळ्या काढायला शिकले, डोळ्यांखालचं काळं कमी करायला शिकले. आयांना मुली गोऱ्या करून पाहिजे असायच्या. एक म्हणाली, "अजून थोडी उजळ करा ना ताई, पाहुने काय फोटोसंग लग्न करून राह्यले?" मुलगी खाली मान घालून हसली. मीही हसले. त्या दिवशी वाटलं, जमेल मला इथं.

वर्ध्याला लागूनच बोरगाव मेघेत खोली घेतली. दोघींची खोली, असंच मी घरमालकीणबाईंना सांगितलं. खिडकीजवळ तुझी जागा ठरवली. तिथे सकाळी असा मऊ उजेड येतो की तुझा फोटो काढायला छत्रीसुद्धा लागणार नाही. जवळची शाळा बघून आले. मास्तरणीला तुझं नाव सांगताना माझा आवाज मोठा निघाला होता.

सुट्टीच्या दिवशी मी हिंगणीला यायची. पहिल्यांदा तू पळत आलीस आणि माझ्या पोटाला डोकं लावून उभी राहिलीस. नंतर चालत यायला लागलीस. मग मी बिस्किटाचा पुडा पुढे केला की तू आधी जाऊबाईंकडे बघायचीस, घेऊ का म्हणून. जाऊबाईंना तू मोठी आई म्हणायचीस, आपल्याकडे सगळीच लेकरं म्हणतात. त्यातलं मोठी कधी गळालं ते मला कळलं नाही. दूर राहणाऱ्याला अशा गोष्टी घडताना दिसत नाहीत, घडून गेल्यावर दिसतात. एकदा शेजारच्या पोरीला तू सांगत होतीस, "ही माही वर्ध्याची आई." तू किती प्रेमाने म्हणालीस. मी परतताना बसमध्ये पदर तोंडात धरून बसले.

मग हिंगणीला घरकुलाचं बांधकाम झालं आणि नव्या भिंतीवर लावायला सगळ्यांचा फोटो काढायचं ठरलं. सगळे माझ्याच स्टुडिओत आले. मी दोन दिवस आधीच मागचा पडदा धुऊन ठेवला होता. मधल्या खुर्चीवर सासूबाई, मागे दीर, बाजूला जाऊबाई आणि त्यांना टेकून तू. सासूबाईंनी तुझ्या बाबांचं नाव काढलं, "आमच्या मधात माह्या विनोदले बसवता येते काय वो?" तसं करतात. गेलेल्या माणसाला जुन्या फोटोतून काढून नव्यात बसवायचं काम आमच्याकडे नेहमी येतं. मी हो म्हटलं. प्रमोदभाऊ म्हणाले, "तू बी बस ना त्यायच्यात. लाइट मी पाहतो." मी सासूबाईंकडे पाहिलं. "तिले काऊन उठवता तिच्या कामावरून?" त्या साधेपणानेच म्हणाल्या. "तिनं उजेड चांगला केला तं आपले फोटो चांगले येतीन." त्यात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित बसले असते.

मी छत्री सरकवत होते तेवढ्यात तू हाक मारलीस, "आई, इकडं सरक ना."

मी वळले. "काय बाळा?"

"तुले नाई," तू म्हणालीस. मग माझं तोंड बघून हळूच म्हणालीस, "वर्ध्याची आई, तुले नाई म्हटलं."

जाऊबाई सरकल्या. प्रमोदभाऊंनी फोटो काढला.

तुझ्या बाबांचा धड असा एकच फोटो होता, आमच्या लग्नातला. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडलेला, म्हणून तुमच्यावरही मी डावीकडूनच दिला होता, नाहीतर बसवलेला माणूस उपरा वाटतो. तेवढं बरोबर जमलं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. आपल्या बौद्ध पद्धतीत लग्नाला नवरीची साडी पांढरी, नवऱ्याचा शर्ट पांढरा. आम्ही खांद्याला खांदा लावून उभे. त्यांना कापून काढायचं तर मला बाजूला करायला हवं होतं, आणि कॉम्प्युटरवर कितीही मोठं केलं तरी त्यांची बाही कुठे संपते आणि माझा पदर कुठे सुरू होतो ते दिसेना. पांढऱ्यात पांढरं. प्रमोदभाऊ मागे येऊन उभे राहिले, चहा ठेवून गेले. शेवटी मी अंदाजाने रेघ ओढली. थोडी मी त्यांच्या दंडावर राहिले असेन. बाकीची काढून टाकली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत फ्रेम घेऊन आले ती तुला न्यायलाच. जाऊबाईंनी तुझे कपडे घड्या करून पिशवीत भरून ठेवले होते. "ने वो," त्या म्हणाल्या, "तुही पोरगी आहे, मी काऊन अडवू?" आणि चुलीकडे तोंड करून बसल्या. तुला चप्पल घाल म्हटलं, घातलीस. चल म्हटलं, आलीस. स्टँडवर उन्हात तुझी वेणी खांद्यावरून पुढे आली होती, ती मी मागे केली. हनुवटी धरून तुझं तोंड माझ्याकडे वळवलं, तर ते वळलं आणि मी सोडलं तिथेच राहिलं.

तो चेहरा मी रोज बघते. स्थळाच्या फोटोला आणलेल्या मुलींचा असतो तसा. वळव म्हटलं की वळवतात, हस म्हटलं की हसतात, हलू नको म्हटलं की श्वासही घेत नाहीत. कॉम्प्युटरवर त्यांचं सगळं सुधारता येतं, पण तो थांबलेला चेहरा काही सुधारत नाही. तुझ्या डोळ्यांत उन्हाचे दोन्ही ठिपके होते. तरी तू तिथे नव्हतीस.

बस आली. मी तुझी पिशवी तुझ्या हातात दिली. "जाय," म्हटलं. "आईजवळ जाय."

तू एकदा विचारलंस, "खरंच?" मी मान हलवली. मग तू अशी पळालीस की एक चप्पल रस्त्यातच राहिली, ती घ्यायला परत आलीस, हसलीस आणि पुन्हा पळालीस. तुला तसं पळताना मी दोन वर्षांनी बघत होते.

लेकरं गावी ठेवून माझ्यासारख्या आलेल्या बाया बोरगाव मेघेत पुष्कळ आहेत. नळावर भेटतो. कोणी विचारतं, पोरगी कधी आणतेस? मी म्हणते, परीक्षा झाली की. त्यांनाही कळतं, त्या पुढे विचारत नाहीत. माझा हात आता कामावर बसला आहे. ठिकाणा आहे. खिडकीजवळच्या जागेत मी काही ठेवलेलं नाही.

हिंगणीला अजून येते. पण आता निघायच्या आधी फोन करते, येऊ का म्हणून. आधी कधी करत नव्हते, आपल्याच घरी जायला कोण विचारतं? जाऊबाई रागावतात. "ये ना वो, इचारून काय राह्यली?" म्हणतात.

तरी मी विचारते.