नागवेणी अक्कोरुंचा गोठ्यातला वर्ग

नागवेणी हेगडे आमच्या नीरकोप्पाच्या शाळेत रुजू झाल्या, तेव्हा त्यांच्या एका हातात छत्री होती आणि दुसऱ्या हातात टेपरेकॉर्डर. सिद्धापूरच्या बाजूला आम्ही शाळेतल्या बाईंना अक्कोरु म्हणतो. तर आमचे हेडमास्तर ईश्वरप्पा या नव्या अक्कोरुंकडे न बघता टेपरेकॉर्डरकडेच बघत राहिले.

"गाणी ऐकायला आलात की शिकवायला?"

"मुलांना त्यांचाच आवाज ऐकवायचाय, सर."

"त्यांचा आवाज मला दिवसभर येतोच आहे. त्याला यंत्र कशाला?"

तिसरे मास्तर म्हणजे मी, शानभाग, गणिताचा. मला वाटलं, बाई नव्या आहेत, महिन्याभरात निवळतील. त्या निवळल्या नाहीत. त्यांनी तिसरीच्या पोरांकडून एक कविता पाठ करून घेतली, टेप केली आणि पालकांच्या सभेत मोठ्या ऐटीत लावली. कविता छान होती. फक्त प्रत्येक ओळीच्या शेवटी मागून 'घुर्रर्र' असा एक आवाज यायचा, तोही अगदी तालात. हेडमास्तरांची खोली आणि तिसरीचा वर्ग यांच्यात एक फळ्यांची भिंत तेवढी होती, आणि दुपारी जेवणानंतर हेडमास्तर टेबलावर डोकं टेकत, हे आख्ख्या गावाला ठाऊक होतं.

पहिल्या रांगेत हुच्चप्पा नायक बसला होता. दिवसा सुपारीच्या बागेत काम, आणि हिवाळ्यात यक्षगानाची नाटकं करणाऱ्या मेळ्यात राक्षसाची सोंगं. आवाज असा, की तो कुजबुजला तरी पलीकडच्या टेकडीवरची गुरं माना वर करायची. त्याने मनापासून विचारलं, "अक्कोरु, पोरं झकास म्हणतायत. पण मागे मृदंग कोण वाजवतंय?"

"विमान गेलं असेल," हेडमास्तर म्हणाले आणि सभा संपली असं जाहीर करून टाकलं.

त्या दिवसापासून ज्याला ज्याला वायर आहे ते ते हेडमास्तरांना शत्रू वाटू लागलं. त्यामुळे काही वर्षांनी सरकारकडून शाळेला कॉम्प्युटर आला, तो सरळ त्यांच्या खोलीत गेला. बायकोकडून त्यांनी त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणून घेतलं. रोज सकाळी त्याच्यावर एक जास्वंदीचं फूल ठेवलं जाई. पोरं खिडकीतून बघत आणि काही तर नमस्कारही करत.

"सर, तो चालू कधी करायचा?" अक्कोरु विचारत.

"वापरला तर बिघडेल. बिघडला तर चौकशी लागेल. चौकशी लागली तर माझी पेन्शन गेली. तुम्ही देणार आहात का पेन्शन?"

अक्कोरुंनी आयुधपूजेच्या दिवसाची वाट पाहिली. पालक जमले होते, सायकली, कोयते, शाळेची घंटा सगळ्यांना गंध-फूल झालं होतं. भर सभेत त्या म्हणाल्या, "सर, सायकलची पूजा झाली की आपण एक फेरी मारून आणतो. मग याचीच फेरी का राहावी?" पालकांनी माना डोलावल्या. अक्कोरुंनी झाकण काढलं, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

पडदा निळा झाला, एक सूर निघाला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि गावची वीज गेली.

खाली घाटात तारांवर झाड पडलं होतं. पण ते कोण ऐकून घेणार! वीज परत येईपर्यंत 'अक्कोरुंनी बटण दाबलं आणि तालुका विझवला' हे सगळ्यांच्या तोंडी झालं. पुढे कितीतरी दिवस शाळेवरून जाणाऱ्या बायका हाक मारून सांगत, "अक्कोरु, आज काही दाबू नका हं, दोश्याचं पीठ वाटायचंय."

दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. अक्कोरु हसत आणि म्हणत, "बरं, तुमचं वाटून झालं की सांगा, मग दाबते." आणि खरोखरच तसं ठरून गेलं. पीठ वाटून झालं की कुणीतरी आरोळी ठोकायचं आणि पाचवीचा कॉम्प्युटरचा तास सुरू व्हायचा.

पुढे इंटरनेट आलं. आलं म्हणजे काय, सरकारकडून अक्कोरुंच्या लॅपटॉपला लावायचं बोटाएवढं डोंगल आलं. शाळेत त्याला सिग्नल मिळेना. अक्कोरु कौलांवर चढल्या, फणसावर चढल्या, देवळाच्या पायऱ्यांवर लॅपटॉप डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. शेवटी हुच्चप्पानेच सांगितलं, "आमच्या गोठ्यात या. बेंगळूरूहून मुलाचा फोन मला तिथेच येतो. भागीरथीच्या गव्हाणीपाशी उभं राहिलं की अगदी शेजारी बसल्यासारखं ऐकू येतं."

भागीरथी म्हणजे त्याची म्हैस.

मग काय, सातवीचा वर्ग ओळीने गोठ्यात जाऊ लागला. पोरं गवताच्या पेंढ्यांवर बसत, लॅपटॉप उलट्या टोपलीवर, आणि गव्हाणीच्या कठड्यावर वायरीने जोडलेलं डोंगल. पहिल्या आठवड्यात त्यांनी ज्वालामुखी पाहिला, देवमासा पाहिला. दुसऱ्या आठवड्यात देवमासा मध्येच थबकला. अक्कोरुंनी मान वळवली तर भागीरथी शांतपणे रवंथ करत होती आणि कठड्यावर नुसती वायर लोंबत होती.

"हुच्चप्पा!" अक्कोरु ओरडल्या. "तुमच्या म्हशीनं इंटरनेट खाल्लं!"

"अय्यो!" हुच्चप्पा धावत आला. "विषारी असतं का हो ते?"

"ते मला माहीत नाही. पण ते सरकारी आहे!"

"सरकारी आहे? मग पचणार कसं हो, अक्कोरु?" त्याने कपाळाला हात लावला.

गुरांच्या डॉक्टरांनी म्हैस तपासली आणि वाट पाहायला सांगितली. पोरं पाळी लावून म्हशीच्या मागे बसली. काही दिवसांनी ती वस्तू परत मिळाली, पण तिला हात लावायला कुणी पुढे होईना. हेडमास्तरांना वरच्या ऑफिसला कळवणं भाग होतं. त्यांनी घाम पुसत लिहिलं, 'सदर इंटरनेट म्हशीने गिळले असून म्हशीची प्रकृती उत्तम आहे.' वरून उलट विचारणा आली की सदर म्हैस कोणत्या योजनेखाली खरेदी केली.

नवं डोंगल मिळालं ते अक्कोरुंनी लांब वायर लावून आढ्याला टांगलं. भागीरथी रोज त्याच्याकडे आशेने बघायची.

अक्कोरुंच्या मनात मात्र दुसरंच होतं. आमची पोरं लाजरी. बाहेरचा माणूस दिसला की तोंड शिवल्यासारखी गप्प. अक्कोरुंनी खटपट करून राजस्थानच्या वाळवंटातली एक शाळा शोधली. तिथले मास्तर पेमारामजी, भला मोठा फेटा, भल्या मोठ्या मिशा. दर गुरुवारी दोन्ही वर्गांनी पडद्यावर बोलायचं ठरलं. तिकडच्या पोरांनी पाऊस विचारायचा, इकडच्यांनी उंट विचारायचा. प्रत्यक्षात तिकडची पोरं आमच्याकडे बघायची, आमची त्यांच्याकडे, आणि अक्कोरु नि पेमारामजी आपसात हवापाण्याचं बोलायचे. तीन-चार गुरुवार असेच गेले.

अशाच एका गुरुवारी गोठ्यातून शाळेत परतताना मी अक्कोरुंना प्रथमच रडकुंडीला आलेलं पाहिलं. "शानभाग मास्तर, इतकी धडपड करून मी दोन भिंती समोरासमोर आणून बसवल्या हो."

मी म्हणालो, "होईल हळूहळू." माझा स्वतःचा मुळीच विश्वास नव्हता.

पुढच्या गुरुवारी हुच्चप्पाचा मेळा लांबच्या गावी होता. तिथे पोचून रंगायला वेळ नव्हता, म्हणून तो घरूनच तयार होऊन निघाला होता. लाल-काळा रंगवलेला चेहरा, नाकावर कापसाचा पांढरा गोंडा, तोंडातून बाहेर आलेले सुळे, डोक्यावर टोपलीएवढा मुकुट. निघता निघता त्याला आठवलं की म्हशीचं दूध काढायचं राहिलं. बायको माहेरी गेली होती. तो तसाच बादली घेऊन गोठ्यात शिरला. वर्ग चालू आहे हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

पडद्यावर पेमारामजींच्या पोरांना काय दिसलं? आमची गप्प पोरं, आणि त्यांच्यामागे दारातून वाकून आत येणारा एक राक्षस. तो म्हशीखाली बसला आणि धार काढू लागला.

तिकडे एकच किंकाळी उठली. बाकं पडल्याचा आवाज आला. पेमारामजींचा फेटा सुटला.

आणि तेव्हा आमची सौजन्या, जिने हजेरीलाही कधी मोठ्याने 'हजर' म्हटलं नव्हतं, ती टोपलीपाशी धावली आणि लॅपटॉपला तोंड लावून मोडक्या हिंदीत ओरडली, "डरो मत! ये हमारा हुच्चप्पा है! दूध निकालने को आया!"

तिकडून एक घाबरा आवाज, "राक्षस दूध पितो?"

"पितो ना! आणि तांदळाची भाकरीही खातो!"

"पोरांना खातो का?"

"छे! त्याला दातच नाहीत, ते सुळे लावलेले आहेत!"

"ए, दात आहेत मला!" हुच्चप्पा म्हशीखालून डाफरला. मग आमची सगळी पोरं एकदम बोलायला लागली. मुकुट कशाचा, रंग कुणी लावला, राक्षस शेवटी मरतो तरी उठून चहा कसा पितो, सगळं सांगून झालं. हिंदी संपली की हातवारे. तिकडच्यांनी मागणी केली, "त्याला हसायला सांगा!"

हुच्चप्पाला आग्रह लागतच नाही. त्याने बादली खाली ठेवली, छाती फुगवली आणि मेळ्यातलं ते सात मजली हसू सोडलं. लॅपटॉपचा स्पीकर चिरकला. भागीरथीने बादलीला लाथ मारली. शाळेतून हेडमास्तर अनवाणी धावत आले आणि दारातूनच ओरडले, "आता काय दाबलंत, अक्कोरु?"

अक्कोरु गवतावर बसून हसत होत्या. डोळ्यांना पाणी आलं होतं, पुसायलाही त्यांना सुचत नव्हतं.

पुढचे गुरुवार काय विचारता! आधी राक्षस, मग उंट, मग पाऊस, असा क्रमच पडला. हुच्चप्पा एकदा म्हणाला, "सारखं राक्षस काय, या खेपेला देव होतो." दोन्ही शाळांनी एकमताने नाही म्हटलं. तो दोन दिवस रुसला, पण गुरुवारी रंग लावून हजर. पेमारामजींच्या पोरांशी बोलून बोलून त्याला हिंदीही येऊ लागली. ती आमच्या पोरांहून वाईट होती, पण जोरात होती.

हेडमास्तर निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी त्याच गोठ्याच्या दारात उभे दिसले. त्यांची मुलगी बहारीनला असते. घसा खाकरून ते म्हणाले, "अक्कोरु, ते बटण कुठलं म्हणालात? नात रांगायला लागलीय म्हणे." अक्कोरुंनी त्यांना पेंढीवर बसवलं आणि बटण त्यांच्याच हाताने दाबायला लावलं. त्यांनी डोळे घट्ट मिटून दाबलं. वीज गेली नाही. नात दिसली.

गेल्या वर्षी अक्कोरुंची बदली शिरसीकडच्या मोठ्या शाळेत झाली. तिथे भिंतीवर पडदा, प्रत्येक बाकावर टॅब, इंटरनेट तर म्हणे संडासातही येतं. मी फोन करून विचारलं, "काय अक्कोरु, मजेत ना?"

"काय सांगू, मास्तर. सगळं चालतं हो इथे! पोरं पडद्याकडे बघत बसतात, कुणी तोंड उघडत नाही."

"मग?"

"मग काय, काल वर्गात जायच्या आधी हळूच मागची वायर उपसून ठेवली. आणि म्हटलं, अय्यो, हे बंद पडलं, मला तर काही कळत नाही, बघा बरं कुणी. पंचेचाळीस पोरं उठली! भांडली, टेबलाखाली घुसली, एकाने तर विषय सोडून मला वीज कशी वाहते ते शिकवलं. काय छान तास झाला म्हणून सांगू!"

"वायर सापडली का त्यांना?"

"सापडली की. म्हणून आज दुसरी काढलीय. ती जरा अवघड आहे. पण गप्प बसा हं, इथल्या हेडमास्तरांनी हुबळीहून मेकॅनिक बोलावलाय."