झबल्याचा काळा

"ताई, हा काळा नाही. चॉकलेटी आहे," ऋतुजा फोनवर म्हणाली.

मी पाठवलेल्या फोटोत तो चॉकलेटीच दिसत होता. दुसऱ्या दिवशी घाटकोपरला तिच्या मुलाचं बोरन्हाण, आणि इकडे मुलुंडला मी ओट्यावर झबल्याच्या आकाराच्या कुकीज मांडून बसले होते. काळं झबलं आणि त्यावर हलव्याच्या दागिन्यांचे पांढरे ठिपके, अशी ऑर्डर होती.

रॉयल आयसिंग म्हणजे पिठीसाखर आणि अंड्याच्या पांढऱ्याची पावडर पाण्यात फेटून केलेला लेप. वाळला की कडक होतो. त्यात काळा आणणं सगळ्यात कटकटीचं, कारण साखर पांढरीशुभ्र. कितीही रंग घाला, आधी करडाच दिसतो. म्हणून मी कोको घालून तो तपकिरी करते, मग थोडा काळा जेल कलर घालते आणि वाटी झाकून ठेवते. पुढच्या काही तासांत रंग आपोआप चढतो.

"थांब जरा, होईल काळा," मी म्हटलं.

"आणि नाही झाला तर? मागच्या संक्रांतीला तो काचेच्या पेटीत होता, ताई. श्वास धड घेत नव्हता. पहिलं बोरन्हाण हुकलं त्याचं. यावेळी मला सगळं नीट हवंय. काळंकुट्ट."

"जास्त रंग घातला तर सगळ्यांच्या जिभा रंगतील."

"रंगू दे ना."

गिऱ्हाईक रडवेलं झालं की माझं सगळं ज्ञान पातळ होतं. मी जेलची बाटली उचलली आणि पिळली.

सकाळी झबली काळीकुट्ट झाली होती, पण बोटाला चिकटत होती. जेल जास्त झाला की आयसिंग नीट वाळत नाही. वरच्या पांढऱ्या ठिपक्यांनी खालचा काळा ओढून घेतला होता आणि ते राखेसारखे दिसत होते. आमच्या धंद्यात याला ब्लीड होणं म्हणतात. मी म्हणते, वाट लागणं. पंखा लावला, सुईने ठिपके खरवडून काढले आणि नवऱ्याला खरा हलवा आणायला पिटाळलं. त्याला रंगीबेरंगी पाकिटं तेवढी मिळाली. त्यातले पांढरे दाणे निवडून आम्ही दोघांनी ते घट्ट आयसिंगने चिकटवले. दिसायला झकास झालं, पण झबली चिकट ती चिकटच.

"बाळावर ओतू नकोस, अंगाला लागतील. ताटात ठेव," मी ऋतुजाला बजावलं.

डबे मी स्वतःच घेऊन गेले. बाळ पाटावर तिच्या मांडीत, डोक्यावर हलव्याचा मुकुट. आत्याने बोरं, कुरमुरे, गोळ्या ओतल्या आणि मुलांची झुंबड उडाली. त्या गडबडीत बाळाने शेजारच्या ताटातलं एक झबलं ओढून तोंडात घातलं. माझं लक्ष मात्र हलवा गळतोय का याच्यावर.

"आई, त्याचे ओठ बघा," ऋतुजाचा आवाज चिरकला.

ओठ निळे झाले होते. माझ्या काळ्या जेलमध्ये निळा भरपूर असतो. थुंकी लागली की तोच आधी सुटतो. हे मला माहीत होतं. तिला निळ्या ओठांचा अर्थ एकच माहीत होता. ती बाळाला छातीशी धरून उठली, कोणाला तरी गाडी काढायला सांगू लागली. बाळाने भोकाड पसरलं.

"ऋतुजा, रंग आहे गं तो. माझा रंग," मी म्हणत होते. तिला ऐकूच जात नव्हतं. शेवटी मी ताटातलं एक झबलं कचाकचा चावलं आणि तिच्यासमोर जीभ बाहेर काढली.

तिच्या सासूबाईंनी पदराचं टोक ओलं करून बाळाचं तोंड पुसलं. पदर निळा झाला, ओठ गुलाबी.

"कसो बोंबलता बघ," त्या मालवणीत म्हणाल्या. "श्वास कमी असतो तर असो बोंबललो असतो?"

ऋतुजा तिथेच बोरांवर बसली आणि बाळाच्या मानेत तोंड खुपसून रडली. मी ताटातली उरलेली झबली गोळा करून डब्यात भरली.

जेलच्या बाटलीवर खाण्यायोग्य असं लिहिलेलं असतं, आणि ते खरं असतं. ओठांवर तो कसा दिसेल, ते कोणी लिहीत नाही. म्हणून हल्ली शेड विचारायच्या आधी मी खाणारं कोण ते विचारते, आणि रंग पहिल्यांदा स्वतःच्या ओठांना लावून आरशात बघते.